कमावलेलं अंगाला लागू द्या

मी गवताचं एक रोप बोलतंय. काचेच्या बंद पेटीत राहतंय आणि सध्या भयंकर वैतागलंय.

मला वाढवणारी संशोधक मुलगी मनाने चांगली, पण जीव उतावळा. माझं दुखणं मात्र जन्माचं. पानातला माझा कामगार, म्हणजे एक एन्झाइम, हवेतला कार्बन डायऑक्साइड उचलायचा सोडून मध्येच ऑक्सिजनला जाऊन धरतो. मग तो घोळ निस्तरताना कमावलेल्यातलंच थोडं पुन्हा हवेत जातं. माणसं याला प्रकाशश्वसन म्हणतात. मी याला दिवसाढवळ्या घर लुटू देणं म्हणतं.

शेजारच्या कुंडीतली माझी चुलतबहीण पक्की व्यवहारी. ती कार्बन डायऑक्साइड आतल्या खोलीत भरून ठेवते आणि कामगाराला तिथेच बसवते. त्यामुळे बाईसाहेबांची भरभराट, आणि मी आपलं काडीपहिलवान!

म्हणून आम्हा दोघांना कमी ऑक्सिजनच्या या पेटीत आणलं. आमची सख्खी भावंडं बाहेर, नेहमीच्या हवेत. पेटीत बहीण तिच्या भावंडांएवढीच राहिली आणि मी माझ्या भावंडांपेक्षा जास्त वाढलं, तर दोष प्रकाशश्वसनाचाच, असं मुलीचं म्हणणं.

तिचे सर म्हणाले होते, "या खेपेला फरक दिसला नाही तर विषय बंद."

झालं! त्या धास्तीने ही मुलगी सारखी पेटीचं दार उघडून बघायची. वाढलंय का? फुटवा आलाय का? दार उघडलं की बाहेरची हवा आत, आणि माझा कामगार पुन्हा ऑक्सिजनच्या नादी. अगं बाई, काच आहे ना? बाहेरून बघ की!

शेवटी फोनवर आईजवळ रडली तेव्हा आईच म्हणाली, "अगं, सारखं झाकण उघडलंस तर भांड्यातलं शिजणार कसं? हात बांधून बस जरा."

तिने दाराला चिकटपट्टी लावली. तेव्हा कुठे मला उसंत मिळाली. पानं रुंदावली, फुटवे आले. बाहेरची भावंडं माझ्यापुढे अगदीच रोडावलेली दिसू लागली. बहीण मात्र तिच्या भावंडांएवढीच राहिली.

आज कापणी. माझं वजन झालं की तिचं म्हणणं सिद्ध होणार. आणि ही कात्री हातात घेऊन डोळे पुसत उभी!

"किती छान वाढलंय हो," ती सरांना म्हणाली. "कापवत नाही."

आता काय म्हणावं हिला! नको तेव्हा दार उघडत होतीस, आता उघडायचं तर नुसती उभी! काप मला. फक्त मुळं मातीत टाकून देऊ नकोस. धुऊन तीही तराजूत ठेव. जन्मात पहिल्यांदा कमावलेलं अंगाला लागलंय गं. त्यातलं कणभरही वाया घालवू नकोस.