आईच्या दगडावरचं मिस्पा

आईच्या कबरीच्या दगडावर ‘मिस्पा’ हा शब्द मीच हट्टानं कोरून घेतला होता. माझा धाकटा भाऊ दिनेश तेव्हा म्हणाला, “ताई, हे गाव आहे तरी कुठं?”

“संडे स्कूलमध्ये बसून शेंगदाणे खायचास, तुला काय कळणार!” मी म्हटलं. “बायबलातल्या यार्देन नदीच्या पूर्वेला, गिलादाच्या डोंगरात. नेमकी जागा आज कुणालाच ठाऊक नाही. अर्थ, पहाऱ्याची जागा. आपण नजरेआड असलो तरी प्रभू दोघांना सांभाळतो.” आमच्या चर्चच्या मंडळीत लग्नाच्या अंगठीवरसुद्धा हा शब्द घालतात.

गेल्या जुलैत नवे पाळकसाहेब बायबल अभ्यासाला म्हणाले, मिस्पा हा प्रेमाचा निरोप नव्हेच. लाबान सासरा, याकोब जावई, दोघंही एकमेकांना फसवून दमलेले. त्यांनी मध्ये दगडांची रास रचली, तीच मिस्पा. ही ओलांडून कुणी कुणाचं वाईट करायचं नाही, आणि लाबान म्हणाला, मी बघत नसेन तेव्हा देव तुझ्यावर नजर ठेवील! विश्वास नव्हता म्हणून पहारा.

माझं डोकंच फिरलं. कालचं पोर, मला शास्त्र शिकवतंय! रिक्षात दिनेश हसत होता. “जाऊ दे गं ताई. आपल्या दोघांत कशाला लागतोय पहारा?” मलाही ते पटलं, बावळट मी.

आमच्या दफनभूमीत जागा उरलेली नाही. जुनी कबर उघडून त्यातच घरातलं दुसरं माणूस ठेवतात, आणि एकदा उघडली की पुढं कैक वर्षं हात लावत नाहीत. आईजवळची जागा माझी, हे आईनंच जाताना दिनेशला सांगितलं होतं. बाबा लवकर गेले. मी लग्न केलं नाही, शाळेत शिकवून दिनेशला वाढवलं. आता पंचाहत्तरी आली. मरणाचं भय नाही हो मला, पण परक्यांत एकटीनं पडायचं नव्हतं. आईच्या कुशीत जायचं, एवढंच मागणं होतं.

त्या बायबल अभ्यासानंतर आठवडाभर मी इगतपुरीला आशाकडे, माझ्या मैत्रिणीकडे राहून आले. रविवारी चर्चमधली भक्ती संपल्यावर निशिगंध घेऊन आईकडे गेले, तर आईचा दगड भिंतीला टेकवून ठेवलेला. ओली माती, आणि लाकडी क्रूसावर नाव लताबाईंचं. लताबाई म्हणजे दिनेशच्या सासूबाई. त्या गेल्या हेसुद्धा मला कुणी कळवलं नव्हतं.

राखणदार झुंबर धावत आला. “ताई, तुमच्या भावानंच सांगितलं. कमिटीनं विचारलं, तर म्हनले, ताईंची परवानगी हाय.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी तशीच दिनेशच्या घरी गेले. उंबऱ्यातच ओरडले, “मी हो म्हटलं कधी रे?”

“ताई, हळू. घरात पाहुणे आहेत.”

“असू देत! ऐकू दे त्यांनाही! मला फोन करायला हात मोडले होते तुझे?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणजे ठाऊक होतं तुला!”

तो खुर्चीत बसला. बायकोनं पाणी आणून दिलं, ते त्यानं घेतलं नाही. “माझ्यावर सगळ्यांचं दडपण होतं गं. दुसरीकडे जागा मिळेना. तुझं पुढचं पुढं बघू की. अजून ठणठणीत आहेस तू.”

“आणि उद्या गेले तर?”

“ताई, जरा विचार कर. सासूबाईंना सहा नातवंडं आहेत, दर वर्षी येतील कबरीवर. तू एकटी. तुझ्यामागे फुलं घेऊन कोण येणार होतं?”

आवाज चढवायचा होता, पण चढेना.

“तू येणार होतास ना रे,” मी म्हणाले.