आधी होती तशी लाइन

कानसेनला लोक कानसेन म्हणायचे ते उगीच नाही. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण इंटरनेटसाठी फोन लावताना मोडेम जो चिरका, खरखरता आवाज काढतो ना, तो नुसता ऐकून हा गडी सांगायचा की दुखणं कुठे आहे. सॉकेटमध्ये ओल आहे की वायर कुठे चेपलीय, की बाहेरच्या डबीतला जोड गंजलाय, हे त्याला चप्पल काढायच्या आधीच कळलेलं असायचं. बायको म्हणायची, "मोडेमनं नुसतं हूं केलं तरी यांना ऐकू जातं, मी घसा फोडला तरी नाही." यावर तो हसून वेळ मारून न्यायचा. दुसरं काय करणार?

तर एका रविवारी सकाळी त्याला टायपिंगच्या बाईंचा फोन आला. बाई म्हणजे अशातशा नव्हेत. आख्ख्या गल्लीची बोटं त्यांनी यंत्रावर वळवली होती. एका कानसेनपुढे मात्र त्यांनी हात टेकले होते, आणि तो अजूनही दोनच बोटांनी टाइप करायचा. त्यांचा क्लास बंद पडून बरीच वर्षं झाली होती, नवरा जाऊन त्याहून जास्त. मुलगा एकच, तो परदेशात नोकरीला. दर रविवारी सकाळी, तिकडे रात्र असायची तेव्हा, मायलेक कॉम्प्युटरवर गप्पा मारायचे, म्हणजे टाइप करून. बाईंचा सगळा आठवडा त्या सकाळकडे डोळे लावून जायचा. आणि नेमकी तेव्हाच लाइन तुटायची.

"अरे, जीव नकोसा केलाय या लाइननं," बाई म्हणाल्या. "जरा कुठे विषय रंगतो की ही गेलीच. पोराला माझ्याशी बोलायचं असतं, मला त्याच्याशी बोलायचं असतं, आणि ही मधेच कडमडते. तू आत्ताच ये बघू."

बाईंनी बोलावल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती? कानसेन पिशवी घेऊन गेला.

बाई केस नीट विंचरून, चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडद्यातून मुलगा काही त्यांना बघणार नव्हता, पण हे त्यांना कोण सांगणार? ज्या लांब टेबलावर पूर्वी टाइपरायटर मांडलेले असायचे त्याच्याच एका टोकाला कॉम्प्युटर होता. फोनची वायर भिंतीच्या कडेनं येऊन जाजमाखाली शिरत होती आणि बाईंची खुर्ची बरोबर तिच्यावर बसली होती. उरलेल्या वायरचं भलंमोठं वेटोळं ट्यूबलाइटच्या पट्टीला लटकवून ठेवलं होतं. कानसेननं कपाळावर हात मारून घेतला.

"आधी बघ तरी कशी तुटते ते," बाई म्हणाल्या, आणि त्यांची बोटं धावायला लागली. मुलगा एक ओळ लिहीपर्यंत त्यांच्या चार व्हायच्या. थोड्या वेळानं पडद्याच्या कोपऱ्यातली खूण विझली. गेली लाइन. बाईंनी परत फोन लावला, मोडेम किंचाळला, खाकरला, एकदाचा जोडला गेला. तिकडून मुलाचं वाक्य वाटच बघत होतं.

"आलीस? कुठे गेली होतीस?"

"मी कुठे जातेय, लाइन गेली," बाईंनी लिहिलं.

"मला वाटलं कंटाळून पळालीस. मी इथेच बसलोय. तू बोलत होतीस ते पूर्ण कर आधी. शेजारीणबाईंचं काय झालं?"

बाई खुदकन हसल्या आणि शेजारीणबाईंचं पुढचं लिहायला लागल्या. ते संपत आलं, मुलगा "बरं मग" म्हणेपर्यंत आला, तोच पुन्हा लाइन गेली. पुन्हा किंचाळणं, पुन्हा जोडणं. "आली का आमची पळपुटी आई? थांब, आता जाऊ नकोस." असं तीन-चारदा तरी झालं. बाई दर वेळी लाइनला शिव्या घालत होत्या आणि दर वेळी त्यांचा चेहरा आणखी फुलत होता. कानसेननं हे बघितलं, पण त्यात लक्ष घातलं नाही. त्याचं सगळं लक्ष त्या किंचाळण्यात होतं. खोट सापडली की या माणसाला दुसरं काही दिसत नसे. हीच तर त्याची खोड होती.

मुलानं निरोप घेतल्यावर तो कामाला लागला. वायर जाजमाखालून काढून भिंतीच्या वरून फिरवली. वेटोळं कापून टाकलं. बाहेरच्या डबीतला हिरवा पडलेला जोड खरवडून नवा केला. स्वयंपाकघरात त्याच लाइनीवर लावलेला जोडफोन सोडवला. मग मोडेमच्या सेटिंगमध्ये शिरला. बाईंचा मोडेम हावरट होता, झेपत नसताना सगळ्यात जास्त वेगानं जोडू बघायचा आणि तोंडावर आपटायचा. कानसेननं वेगाला लगाम घातला. मधेच दुसऱ्या कुणाचा फोन आला की जी टुकटुक वाजून लाइन तुटते, ती बंद केली. शेवटी एक आकडा बदलला. समोरचा सूर हरवला तर मोडेमनं फोन ठेवून देण्याआधी किती वेळ धीर धरायचा, ते त्या आकड्यावर ठरतं. तो त्यानं चांगला वाढवून ठेवला.

"आता बघा," तो म्हणाला. त्यानं लाइन जोडली आणि तशीच सोडून दिली. बाई आत जाऊन काम आवरून आल्या, तरी खूण जळतीच होती. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "टायपिंगमध्ये दगड होतास, पण इथे जिंकलास हो," म्हणाल्या. कानसेन घरी गेला तो छाती फुगवूनच. बायकोला हे सगळं दोनदा सांगून झालं.

मग बरेच दिवस बाईंचा फोन नाही. कानसेनला वाटलं, छान चाललं असेल. चालू असलेल्या लाइनची आठवण कुणाला येते?

आणि मग आला. पुन्हा रविवार, पुन्हा सकाळ. "जमेल तेव्हा ये," एवढंच म्हणाल्या. एरवी हुकूम सोडणाऱ्या बाई 'जमेल तेव्हा' म्हणाल्या म्हटल्यावर कानसेनच्या मनात पाल चुकचुकली. तो तडक निघाला.

दाराशी पोचला तेव्हा मोडेम नुकताच लागत होता. आवाज स्वच्छ. कुठेही खरखर नाही, कुठेही अडखळणं नाही. तो गोंधळूनच आत गेला.

"बस," बाई म्हणाल्या. "काही करू नकोस. नुसता बघ."

मुलगा आला. "काय म्हणतेस?"

"बरी आहे. तू?"

"ठीक."

"जेवलास?"

"हो."

"काम?"

"चाललंय."

बाईंनी शेजारीणबाईंचं काहीतरी लिहिलं. चांगलं आठ-दहा ओळींचं, मजेशीर. तिकडून "हं" आलं. मग काहीच आलं नाही. पडद्यावर ती उभी रेघ लुकलुकत राहिली. बाईंची बोटं कळांवर तयार होती, पण त्यांनाही काही सुचेना. कोपऱ्यातली खूण जळतच होती, लाइन कशी खणखणीत चालू होती, आणि दोन देशांत दोन माणसं गप्प बसली होती. शेवटी मुलानं लिहिलं, "बरं आई, ठेवतो मग. उद्या लवकर उठायचंय."

"हो, झोप बाळा," बाईंनी लिहिलं.

एवढंच.

"दर रविवारी हे असंच," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "आधी आमची सकाळ कशी जायची ते कळायचं नाही. आता पाच मिनिटांत आटोपतं. मी म्हटलं, दमला असेल. मग म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. आठवडाभर विषय जमवून ठेवते रे. ते सुद्धा संपतात." त्या थांबल्या. "तू एक कर. लाइन आधी होती तशी करून दे."

"बाई, काय बोलताय तुम्ही? लाइन मुद्दाम बिघडवू?"

"हो."

"अहो, पण आता तर एकदाही तुटत नाही."

"तेच तर. तुटायची तेव्हा तो माझी वाट बघायचा." बाईंनी पडद्याकडे बोट केलं. "आलीस का, कुठे गेली होतीस, असं विचारायचा. आता मी जातच नाही कुठे, तर विचारणार कशाला?"

कानसेननं आजवर शेकडो लाइनी नीट केल्या होत्या, बिघडवली एकही नव्हती. सांगायला हरकत नाही, त्याला बाईंचा थोडा रागही आला. इतकं मन लावून केलेलं काम स्वतःच्या हातानं मोडायचं म्हणजे काय? पण त्या समोर बसल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांनी त्याला हुकूम सोडले होते, मागितलं कधी काहीच नव्हतं.

"किती वेळानं तुटायला हवी?" त्यानं विचारलं.

बाईंनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. नीट विचार केला.

"बोलणं संपायच्या जरा आधी," म्हणाल्या.

आता हे मोडेमला कसं समजवायचं? खराब करणं हे नीट करण्याहून किचकट निघालं. अगदीच बिघडली तर लागणारच नाही, आणि कमी बिघडली तर तुटणारच नाही. त्यानं वेगाचा लगाम सोडला. धीराचा आकडा अगदी खाली आणला. टुकटुक परत चालू केली, सॉकेटमधला एक स्क्रू सैल ठेवला, मग थोडा कसला, परत सैल केला. पाच-सहा वेळा जोडून बघितलं. दर वेळी तुटली की बाई मान डोलवायच्या, आणि एकदा फारच लवकर तुटली तेव्हा म्हणाल्या, "एवढी नको हं." घरी गेल्यावर बायकोनं विचारलं तर म्हणाला, काही नाही, लाइनचं काम होतं.

पुढच्या रविवारी कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो गेला. चैनच पडेना. बाईंना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी दुसरी खुर्ची आधीच ओढून ठेवली होती.

मुलगा आला. तेच सगळं, बरी आहे, ठीक, जेवलास, हो. बाईंनी हळूच लिहिलं, "आज लाइन जरा नाटकं करतेय." मग त्या मुलाच्या लहानपणीचं काहीतरी लिहायला लागल्या, तो टाइपरायटरखाली लपून बसायचा आणि क्लासच्या मुलींच्या वेण्या ओढायचा ते. सांगत सांगत ऐन गमतीच्या जागी आल्या, आणि लाइन गेली. अगदी हवी होती तिथे. बाईंनी कानसेनकडे बघितलं. डोळ्यांत पोरीसारखा खट्याळपणा होता.

"आता बघ," म्हणाल्या.

परत फोन लावला. मोडेम किंचाळला, खाकरला, घुटमळला. बाई पुढे वाकून बसल्या होत्या, दोन्ही हात कळांवर. लागला एकदाचा. पडद्यावरच्या यादीतलं मुलाचं नाव पुसट झालं होतं, म्हणजे तो निघून गेला होता. खाली त्याची ओळ येऊन पडली होती.

"लाइन परत बिघडली वाटतं आई. असू दे, मी झोपतो. पुढच्या रविवारी बोलू."

बाईंनी ती वाचली. कानसेननंही वाचली, आणि त्याला स्वतःच्या दोन्ही हातांची चीड आली. आपण पहिल्यांदा यायलाच नको होतं, असं त्याला वाटलं. लाइन वाईट होती तोवर मायलेकांचं छान चाललं होतं. आपण ती नीट केली, आणि त्या पोराला कळून चुकलं की आईशी बोलायला आपल्याकडे काही नाही. आता ती कितीही बिघडवली तरी ते कळलेलं परत न कळलेलं कसं व्हायचं?

बाईंनी राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. वेण्या ओढल्यावर मुली कशा किंचाळायच्या, ते सगळं लिहिलं, एकही चूक न करता, आणि पाठवून दिलं. मग हात मांडीवर घेतले आणि बसून राहिल्या. नाव पुसटच राहिलं. थोड्या वेळानं लाइन पुन्हा तुटली. या वेळी त्यांनी परत लावली नाही.

"दमतो फार," त्या म्हणाल्या. "आणि ही लाइन अशी. तो तरी किती वेळ बसणार?"

कानसेननं पिशवीत हात घातला. स्क्रूड्रायव्हर काढला. "बाई, मी नीट करून देतो. आत्ता, दहा मिनिटांत. पहिल्यापेक्षा चांगली करतो."

"नको रे, राहू दे."

"अहो, पण अशी ठेवून काय उपयोग? निदान ती पाच मिनिटं तरी..."

बाईंनी त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि सावकाश त्याच्या पिशवीत परत ठेवला.

"नीट केलीस," त्या म्हणाल्या, "तर मग मी नावं कुणाला ठेवू?"