जिथे तिथे लाल सोफा

यशोधराचं डोकं कालपासून भणभणत होतं. उल्हासनगरच्या गोपशेठच्या फर्निचरच्या दुकानाची वेबसाईट तिने बनवली होती. पण पलंगाच्या पानाचा पत्ता टाका नाहीतर कपाटाच्या, उघडायचं ते पहिलंच पान, लाल सोफ्याचं. बाकीची पानं तिने इतक्या मेहनतीने केलेली, पण एकही तोंड दाखवेना.

साईट नीट चालली की शेठ तिला कायम करणार होते. मोरिवलीत घरी गेलं की तिने चपला काढायच्या आत वडील विचारायचे, मिळाला का कागद? भीमरावांची सगळी हयात सरकारी कारखान्यात गेलेली. कागदाशिवायची नोकरी त्यांच्या लेखी नोकरीच नव्हती. वर्षभर त्यांना रोज काहीतरी थाप मारायचा तिला वीट आला होता. आणि शेठना विचारावं तर उत्तर ठरलेलं, "बघू ना. चाय पी." खुर्ची मोडलीय म्हटलं तरी बघू, रजा हवीय म्हटलं तरी बघू.

कुठल्या पत्त्याला कुठलं पान द्यायचं, याचे नियम एका फाईलमध्ये होते. तिने खालून एकेक तपासत आणला. सगळे बरोबर. चरफडत ती अगदी वर पोचली, तर पहिल्याच ओळीत लिहिलेलं, पत्ता कुठलाही येवो, पहिलं पान दाखव.

ही ओळ शेठनी मागे उभं राहून लिहून घेतली होती. "गिऱ्हाईक खाली हात नाय गेला पाहिजे. काय पण टाकू दे, दुकान दिसला पाहिजे. एकदम वर लिही." तेव्हा दुसरे नियम नव्हतेच, म्हणून तिनेही निमूटपणे लिहिली. आता सर्व्हर ती फाईल वरून खाली वाचायला लागायचा, पहिलाच नियम जुळायचा आणि गडी तिथेच थांबायचा. कपाटापर्यंत जातोय कशाला! दोन दिवस फुकट गेले. तिला शेठपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

तिने ती ओळ उचलून तळाशी ठेवली. पलंग उघडले, कपाटं उघडली. चुकीचा पत्ता टाकला तेव्हाच सोफा आला. शेठ येऊन बघून गेले, खूश झाले. ओळ का हलवली तेही तिने समजावलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कपाट मागणाऱ्याला सोफा दाखवला तर तो दुसऱ्या दुकानात जाणार."

"मग माझ्या कागदाचं काय, शेठ?"

"बघू ना. चाय पी."

यशोधराने कॉम्प्युटर बंद केला आणि पर्स खांद्याला लावली.

"मी वर्षभर कपाटच मागतेय, शेठ."

शेठच्या तोंडून सवयीने पुन्हा "बघू" निघालं. पण चहाचं नाव त्यांना घेता आलं नाही, कारण ती दुकानाची पायरी उतरून गेली होती.