दादाच्या शर्टाचं टिचबटण

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर किरणबाबांनी छातीच्या एक्स-रेचे दोन फोटो दिव्याच्या पेटीवर लावले. डाव्या फोटोत फुफ्फुसावर पांढरा डाग होता, उजव्यात त्याचा मागमूस नव्हता.

"एकवीस दिवस. ना गोळी, ना मशीन. माझ्या तळहातातून किरण निघाले, रोग जळाला, हा उजवा फोटोही त्याच किरणांनी उमटला."

तळहाताने फोटो काढणाऱ्या बाबांच्या स्वतःच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, पण तो कुणाला खटकला नाही. लोक टाळ्या पिटत होते.

पहिल्या रांगेतल्या ताईचं डोकं भणभणलं. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. डावा फोटो तिनेच काढला होता, सख्ख्या थोरल्या भावाचा. दादाच्या क्षयाच्या गोळ्या नुकत्या सुरू झाल्या होत्या, त्या त्याने बाबांच्या पायाशी नेऊन ठेवल्या. आजही व्यासपीठावर बाबांसमोर तशा पाकिटांचा ढीगच पडला होता. काल दादाने नवा फोटो घरी मिरवला, तेव्हा तिची नजर एका ठिपक्यावर अडकली. म्हणून आज ती लॅपटॉप घेऊन आली होती.

ती तरातरा वर गेली. दादा तिथे बाबांच्या शेजारीच बसला होता.

"दादा, बाबांनी फोटो काढला तेव्हा तुझ्या अंगात काय होतं?"

"काही नाही. उघडाच बसलो होतो."

"मग गळ्यापाशी हे टिचबटण कुठून आलं? माझ्याकडे आलास तेव्हा घाईत मी तुझा शर्ट उतरवायला विसरले, डॉक्टरांची बोलणी खाल्ली. म्हणून ते माझ्या डाव्या फोटोत उमटलं. तेच बटण या उजव्या फोटोतही आहे, अगदी तिथेच."

दादा चाचरला. "इस्पितळाची सीडी यांच्या चेल्याने मागून घेतली होती."

ताईने मूळ फोटो लॅपटॉपवर उघडला. "फोटोत अशी बारीक खरखर असते. ती आम्ही थोडी पुसतो, काळं-पांढरं उठावदार करतो. आता मी मुद्दाम जास्त पुसते."

फासळ्या धूसर झाल्या आणि डाग विरून गेला, अगदी उजव्या फोटोसारखा. तिने बदल मागे घेतले, डाग परत आला. पुढच्या रांगा उठून बघू लागल्या.

"रोग दिसावा म्हणून मी हे रोज करते. यांनी तो दिसू नये म्हणून केलं. फोटो स्वच्छ केल्याने फुफ्फुस स्वच्छ होत नाही."

"श्रद्धा नसेल, तर किरण..." बाबांनी सुरुवात केली.

"गप्प बसा. तीन आठवडे माझा भाऊ औषधाविना खोकतोय, आणि तुम्ही त्याच्या जिवावर टाळ्या घेताय."

"म्हणजे डाग आहे अजून?" दादाने हळूच विचारलं.

"आहे. उद्या नवा फोटो काढू, शर्ट उतरवून."

मग ती लोकांकडे वळली. "पाकिटांवर तुमची नावं आहेत. आपापलं उचला आणि थेट डॉक्टरांकडे जा. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तो कसा केला ते विचारा. हात जोडायला मग आयुष्य पडलंय."

सगळ्यांत आधी दादा खाली वाकला आणि ढिगात स्वतःचं नाव शोधू लागला.