मी अडवलेली खिडकी

जरा थांबा, माझी घरघर थोडी कमी होऊ दे, म्हणजे तुम्हाला नीट ऐकू येईल. मी खिडकीतला एसी. चौकोनी, जाडजूड, पेटीसारखा. भिंतीवर उंच बसणाऱ्या त्या नव्या गोऱ्यागोमट्या एसींपुढे मी अगदीच दांडगट दिसतो, हे मला ठाऊक आहे. आवाजही करतो. पण कामचुकारपणा कधी केला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात माझ्यावर शेवटचा स्क्रू बसला, तेव्हा एका तपासनिसाने माझ्या तोंडासमोर तळहात धरला आणि म्हणाला, "गार आहे, जाऊ दे." एवढंच काय ते माझं बारसं. मग बरेच दिवस दुकानात बसून काढले. लोक यायचे, बटणं दाबायचे, नाक मुरडायचे आणि निघून जायचे. एके दिवशी एक जोडपं आलं. नवऱ्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. बायकोला धाप लागली होती. दुकानदार माझे गुण गाऊ लागला, पण तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

"अहो, हाच घेऊ या," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. गल्लीच्या एका बाजूला वरच्या मजल्यावर त्यांची राहायची खोली आणि समोरच्या बाजूला, खाली, त्यांचं दुकान. मास्तर दुकानात कापायचे, शिवायचे. बाई घरी बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या, इस्त्री करायच्या. दिवसभर इस्त्रीची वाफ अंगावर घेऊन त्यांना दम्याने गाठलं. 'गारव्यात राहा' असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

खोलीला खिडकी एकच, वरखाली सरकणारी. तिच्या खालच्या अर्ध्या भागात मला बसवलं आणि वरची काच माझ्या डोक्यावर टेकवली. माझं पाणी मागे वाहून जावं म्हणून मास्तरांनी कठड्याच्या बाहेरच्या कडेला एक तिरकी फळी ठोकली आणि तिला भिंतीचाच रंग दिला. आजूबाजूच्या फटी बुजवायला बाईंनी दुकानातल्या चिंध्या भरून लांबट उशा शिवल्या. त्या पहिल्या दुपारी बाईंना गाढ झोप लागली. मास्तर सवयीने वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आता याची गरज नाही. तरी चार वेळा घातलाच.

मी फार खूश होतो. माझं तोंड खोलीकडे आणि पाठ गल्लीकडे. आपण नेमकं काय अडवून बसलोय, हे मला कसं कळणार?

ते कळलं त्यांच्या जेवतानाच्या बोलण्यातून. मास्तरांना हिरवा आणि तपकिरी हे रंग वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. शिंप्याला रंग कळत नाही म्हटल्यावर त्याच्याकडे कापड कोण टाकणार? म्हणून ही गोष्ट बाईंखेरीज कुणालाच माहीत नव्हती, मुलीलासुद्धा नाही. रिळावर रंगाचा नंबर असतो, कापडावर नसतो. मग दोघांनी एक युक्ती काढली होती. रंगाची शंका आली की मास्तर कापड आणि रीळ घेऊन दुकानाच्या दारात यायचे आणि उजेडात दोन्ही शेजारी धरायचे. गिऱ्हाईकाला वाटायचं, काय बारकाईने बघतात! बाई वर खिडकीत काजं करत बसलेल्या असायच्या. त्या मान हलवायच्या. हो किंवा नाही. सगळा संसार त्या मानेवर चालला होता म्हणा ना.

आणि मी बरोब्बर त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसलो होतो. वरच्या काचेतून आता नुसतं आभाळ दिसायचं.

पहिली काही वर्षं निभावलं. रंग बघायला बाई स्वतः जिना उतरून दुकानात जायच्या. मग त्यांचे गुडघे गेले. तेव्हा मास्तर पिशवीत कापड आणि रिळं घालून वर येऊ लागले, ते पाणी प्यायच्या निमित्ताने. "मास्तरांना तहान फार," असं गिऱ्हाइकं हसून म्हणायची. हळूहळू मास्तरांनाही जिना चढवेना. एकदा त्यांनी फोनवर बाईंना फोटो पाठवून बघितला. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या त्या फोटोत रंग अगदी जुळला होता. पण शिवून झालेला कोट घेऊन एका बँकेचा पहारेकरी जो दुकानात आला, तो दातओठ खातच. तपकिरी कोटावर हिरवीगार टीप.

"अहो, आता हीच फॅशन आहे," मास्तर म्हणाले. पहारेकऱ्याला ती फॅशन काही पटली नाही.

मुलगी नर्स आहे, सुट्टीच्या दिवशी यायची. तिने हा किस्सा ऐकला आणि ती खो खो हसली. "बाबांची जुनी खोड आहे ही. माझ्या शाळेच्या तपकिरी स्कर्टलाही हिरवी टीप होती. मुली काय चिडवायच्या मला!"

मास्तर ताटात बघत राहिले. बाईंनी त्यांच्या पानात उगाचच भात वाढला.

त्यानंतर मास्तर फक्त पांढरी कामं घेऊ लागले. दवाखान्याचे कोट, उशांचे अभ्रे. कामं कमी झाली. एका दुपारी त्यांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि म्हणाले, "उन्हाळा संपला की दुकान बंद करू या. झालं खूप."

"हात थरथरतात का तुमचे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

मास्तरांची नजर खिडकीकडे गेली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मला बंद करावं तर त्यांचा श्वास अडायचा, चालू ठेवावं तर मास्तरांचं काम अडायचं. माझ्यात हिंमत असती, तर मी स्वतःच गल्लीत उडी घेतली असती.

तशी वेळ खरंच आली होती. माझ्याखालचा लोखंडी आधार गंजला होता. मुलगी मेकॅनिकला घेऊन आली. त्याने मला हलवून बघितलं आणि म्हणाला, "हा कधीही खाली येईल. कुणाच्या तरी डोक्यात बसायचा."

"मग असाच नवा, जरा मोठा बसवा," मुलगी म्हणाली.

"मोठा नको," बाई पहिल्यांदाच ठामपणे बोलल्या. "मला खिडकी मोकळी हवी."

"कशाला आई? नुसती धूळ येते."

"मला तुझे बाबा दिसायला हवेत."

मुलगी आईकडे बघतच राहिली. मास्तर कानांपर्यंत लाल झाले. "या वयात?" मुलगी हसत म्हणाली. बाईंनी तो समज तसाच राहू दिला, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता.

मेकॅनिक म्हणाला, "मग सॅडल एसी घ्या. घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकतात ना, तसा तो कठड्यावर बसतो. अर्धा आत लोंबतो, अर्धा बाहेर, मध्ये नुसती बारीक मान. खिडकी जवळजवळ पुरती खाली येते. पडायची भीती नाही. आवाज करणारा भाग काचेबाहेर, म्हणून शांतही. महाग आहे, वजनदार आहे आणि वाटेल त्या कठड्यावर बसत नाही, एवढाच त्याचा तोरा."

मला काय वाटलं असेल! खोगीर म्हणे. माझ्याभोवती इतकी वर्षं चिंध्यांची भरती, आणि खोगिराचा मान मात्र त्याला. पण बाईंचा चेहरा उजळला होता, म्हणून मी मूग गिळून गप्प बसलो.

ठरल्या दिवशी मला उतरवून जमिनीवर ठेवलं. किती उजेड आला म्हणून सांगू! मी कोपऱ्यातून बघत होतो. मेकॅनिकने कठड्याचं माप घेतलं, परत घेतलं आणि मान हलवली.

"कठडा रुंद आहे. खोगीर उतरणार नाही यावर. जुन्यासारखाच घ्यावा लागेल."

मास्तर उठले आणि "दुकानात जातो" म्हणून जिना उतरू लागले. मी मनात ओरडत होतो, 'फळी! अहो, ती फळी!' पण वायर काढलेल्या एसीचं कोण ऐकतो?

बाई टेबलाला धरून उठल्या. एकेक पाऊल टाकत खिडकीपाशी गेल्या. कठड्यावरून हात फिरवता फिरवता त्यांची बोटं एका खिळ्यावर थांबली.

"ही फळी घराची नाही," त्या म्हणाल्या. "आमची आहे. यांनी ठोकलेली."

रंगाखाली दडलेली ती फळी निघाली, तशी कठड्याची रुंदी चार बोटं कमी झाली. खोगीर अलगद बसलं. मेकॅनिकने काच खाली ओढली, पुसली आणि नवा एसी सुरू केला. सुरू झाला हे मला झुळकेवरून कळलं, इतका तो शांत. आहे बुवा गुणी, मान्य करतो.

बाई खुर्ची ओढून खिडकीत बसल्या. मला गल्ली दिसत नव्हती, पण त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी मानेने 'नाही' म्हटलं. थोडं थांबून पुन्हा 'नाही'. मग हसून 'हो'.

"काय चाललंय तुमचं?" मुलगी मागून डोकावली.

"तपकिरी कापडाला हिरवं रीळ धरलं होतं. दोनदा," बाई म्हणाल्या.

मुलगी क्षणभर खाली गल्लीत बघत राहिली. "म्हणजे माझ्या स्कर्टची ती टीप..."

"त्या दिवशी मी घरी नव्हते गं."

मुलीने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि खाली दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या बापाला हात केला.

मला भंगारात घालायचं ठरत होतं. मास्तरांनी दिलं नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीत एक जुना झरोका होता, त्यात खाली पक्की चौकट करून मला बसवलं. तिथे खोगिराची डाळ शिजत नाही. त्याला खिडकीच लागते, मला नुसतं भोक पुरतं. म्हातारपणी एवढी बढाई मला मारू द्या.

इथून दुकानाचं दार दिसतं, दारापलीकडे गल्ली, आणि वर ती खिडकी. आता मला दोघंही दिसतात. माझी घरघर वाढली आहे, फार दिवस चालेन असं वाटत नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. घरात आमच्यापैकी कुणालाही आणा, पण खिडकीत बसवण्याआधी, तिथे कोण बसतं आणि कुणाकडे बघतं, तेवढं एकदा विचारा.

दुकान चालू आहे. आजच दवाखान्याचा उसवलेला पांढरा कोट शिवायला आला. मास्तरांनी पांढरं रीळ घेतलं आणि दोन्ही घेऊन दाराकडे निघाले.

"मास्तर, पांढऱ्याला पांढरंच की," गिऱ्हाईक म्हणालं. "त्यात काय बघायचं?"

"विचारून घेतलेलं बरं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कोट उजेडात धरला. वर खिडकीत बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं, नीट निरखून बघितलं आणि मान हलवली.