घट्ट बोल्ट

एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम चार दिवसांवर आला होता आणि व्हर्नाच्या रायफलचा बोल्ट, काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा, काही बंद होईना. दुसरं काडतूस घातलं, ते सुरळीत बसलं. तिसरं पुन्हा अडकलं.

काडतुसं तिनेच गॅरेजमध्ये भरलेली. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ती पुन्हा वापरायची आणि त्यांची फक्त मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, आवळून घ्यायची. बाकी अंग झाडताना तिच्या रायफलच्या मापाने फुगलेलं तसंच ठेवायची. नेम चांगला लागतो म्हणून. पण त्याला अट एकच: पुंगळी त्याच रायफलमधून झाडलेली हवी.

म्हणजे ही पुंगळी दुसऱ्याच बंदुकीतून आली होती.

अडकलेलं काडतूस तिने खिडकीपाशी धरलं. अंगावर केसाएवढी उभी रेघ होती. अशी रेघ वडिलांच्या रायफलचीच; तिच्या नळीत आतून ओरखडा होता. आणि ती रायफल तीन वर्षांपूर्वी आपल्या गाडीतून चोरीला गेली, असं तिच्या भावाने, ऑरिनने, रडत सांगितलं होतं. वडिलांनी मृत्युपत्रात ती व्हर्नाच्या नावावर केली होती. गॅरेजची दुसरी किल्ली ऑरिनकडेच असायची.

ती तडक त्याच्या घरी गेली. तो अंडी तळत होता.

"बोल्ट अडकतोय माझा," ती म्हणाली.

"तेल कमी पडलं असेल."

"काही काडतुसांनाच कसं कमी पडतं रे?"

"मला काय माहीत? वय झालं तुझं, हात थरथरत असतील भरताना."

तिने काडतूस टेबलावर ठेवलं. "रेघ बघ."

ऑरिनने बघितलं नाही. अंडी करपायला लागली.

"माझी भरलेली काडतुसं उचलायचास आणि रिकाम्या पुंगळ्या माझ्याच डब्यात टाकायचास. डबा भरलेला दिसला की म्हातारीला कळतंय कुठे! होय ना?"

"बाबांनी तुला रायफल दिली," तो एकदम म्हणाला. "मला काय दिलं? मासे पकडायचे गळ! त्यांच्याबरोबर डोंगर मी चढायचो, व्हर्ना. तू नाही."

"मग मागायची होतीस."

"दिली असतीस?"

त्याने फ्रीझरच्या मागून रायफल काढून आणली. लाकूड चकचकीत होतं. तिच्याकडेही इतकी नीट राहिली नसती. तिने त्या रायफलचा बोल्ट काढून खिशात घातला आणि बोल्टविना निकामी झालेली रायफल त्याच्या हातात परत दिली.

"हंगाम सुरू झाला की ये. बोल्ट तेव्हा मिळेल."

घरी येऊन तिने अडकणाऱ्या काडतुसांतल्या गोळ्या उपसून काढल्या, दारू ओतून घेतली. कपाटात अख्खी पुंगळी आवळणारा साचा पडून होता. त्यातून काढलं की कुठलीही पुंगळी दोन्ही रायफलींत बसली असती, कटकट मिटली असती. तिने तो साचा पुंगळ्या दाबायच्या प्रेसला लावला. मग परत काढून ठेवला. सगळं सगळीकडे बसायला लागलं, तर कोणी काय उचललं ते कळायचं कसं? तिने जुना, फक्त मान आवळणारा साचाच चढवला. ऑरिनच्या पुंगळ्यांसाठी वेगळा डबा केला आणि गॅरेजचं कुलूप बदललं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी तो वेळेवर आला. तिने बोल्ट दिला, त्याच्या डब्यातली काडतुसं दिली.

"अजून विश्वास नाही ना?" त्याने विचारलं.

"चल पुढे," ती म्हणाली. "वाट तुला माहितीये."

तो पुढे निघाला. ती त्याच्या पाठीवर नजर ठेवून मागून चढू लागली.