भावकीचा ऋणनिर्देश

पिरंगुटला कल्पनाच्या टायपिंगच्या दुकानात जुईली आली तीच धापा टाकत. आज कॉलेजात पर्यावरणाचा प्रकल्प द्यायचा शेवटचा दिवस. पाचच्या आत. मॅडमनी आधी दोनदा परत पाठवलेला. तिसऱ्यांदा चुकला तर शून्य मार्क, म्हणजे वर्ष बोंबललंच. वरून दम असा, की वीस पानं म्हणजे वीसच. एकविसावं दिसलं तर हात लावणार नाही.

विषय होता 'आमच्या गावातील विहिरी'. पोरीनं ऐन मे महिन्यात, आईला दोराचं टोक धरायला लावून, एकूणएक विहीर पालथी घातली होती. कल्पना मूळची लातूरकडची, नवऱ्याच्या कंपनीपायी इकडं आलेली. तिचा खरा धंदा लग्नपत्रिकांचा, पण काम नेटकं. तिनं चुका काढल्या, समास सारखे केले, विहिरींच्या पाण्याचा तक्ता आखला. बरोबर वीस पानं बसली.

आता नुसतं छापायचं, तेवढ्यात विठ्ठलराव आले. हे जुईलीचे वडील आणि कल्पनाच्या गाळ्याचे मालक. म्हणजे दोघींवरही हुकूम त्यांचाच. त्यांनी चष्मा चढवला आणि नेमका ऋणनिर्देश वाचला. मॅडम, ग्रंथालय, आईवडील. खलास.

"भावकी कुटंय?"

"दादा, ह्यो प्रकल्प हाय, पत्रिका न्हाई," जुईली म्हणाली.

"हिरी कुनाच्या मोजल्या? भावकीच्याच ना? मग नावं नकोत व्हय? उद्या गावात तोंड कसं दाखवू? ताई, पुतण्याच्या पत्रिकेतली समदी नावं हायेत की तुमच्या मशिनीत. तीच टाका."

त्या यादीतल्या मानापानापायी ती पत्रिका कल्पनाला सात वेळा बदलावी लागली होती! पण गाळ्याचा मालक पडला. तिनं नावं टाकली. पानं झाली बावीस. अक्षर बारीक केलं, तर विठ्ठलराव म्हणतात, "ह्या काय मुंग्या सोडल्या?" त्यात त्यांचे चुलतभाऊ जयसिंग सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला टपकले आणि पडद्यावर वाकून ओरडले, "वाल्मीक माज्या आधी कसा? थोरल्या घरचा मी!"

झालं! अर्धा तास नुसता कल्ला. घड्याळात अडीच.

"काका, दोन पानं कमी करावी लागतील," कल्पना म्हणाली.

"मंग तो तक्ता काढा. आकडं कोन वाचतंय?" विठ्ठलराव म्हणाले.

जुईलीचे डोळे भरून आले. ते बघून कल्पनाचं डोकंच फिरलं. गाळा गेला खड्ड्यात, ती मनाशी म्हणाली.

"तक्ता राहणार! नावं तक्त्यातच घालते. ज्याची विहीर त्याचं नाव. पान वाढत नाही."

"आनि पयला कोन?" जयसिंगांनी विचारलं.

"मे महिन्यात ज्याच्या विहिरीला जास्त पाणी, तो पहिला."

पाण्याशी भांडणार कसं? जुईली सांगेल तशी कल्पनानं भराभर नावं भरली, क्रम लावला. पहिली आली सगुणाबाई. आडबाजूला राहणारी विधवा, आजवर कुठल्याच पत्रिकेत नाव नसलेली. अठरा फूट पाणी! जयसिंग पाचवे. "वाल्मीक सहावा हाय ना? मग चालतंय," म्हणत ते झेरॉक्स घेऊन गेले.

विठ्ठलराव मात्र स्वतःचं नाव शोधत बोट खाली खाली नेत राहिले. पार तळाला सापडलं. पाणी: शून्य. २००४ साली जमीन विकल्यावर विहीर बुजवली. आता तिथं सोसायटीच्या गाड्या उभ्या राहतात.

जुईलीचा चेहरा पडला. "दादा, काढू का ती वळ?"

"नगं. खरं हाय त्ये." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळूच विचारलं, "ताई, ह्या शेवटल्या रकान्यात काय लिवत्यात?"

"शेरा, काका. विहिरीबद्दल आणखी काही सांगायचं असेल तर."

"मग लिवा," विठ्ठलराव म्हणाले. "पानी लई ग्वाड व्हतं."

जुईलीला रडूच फुटलं. कल्पनानं ते जसंच्या तसं टाइप केलं आणि वीस पानं छापायला सोडली.